मावळतीची जागा

सूर्य पश्चिमेला मावळतो हे वाक्य आपण लहानपणी शिकतो आणि पुढे कधी पडताळून पाहत नाही. नेमक्या पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या सुमारास. बाकीचे सारे दिवस त्या बिंदूच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला त्याची मावळतीची जागा थोडी थोडी सरकत असते. रत्नागिरी विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश उत्तरेला आहे. तेथून पाहिले तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पश्चिमेच्या जवळजवळ साडेचोवीस अंश दक्षिणेकडे बुडतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. हात पुढे ताणून मूठ वळली तर ती क्षितिजाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते. अशा पाच मुठींएवढ्या पट्ट्यात तो वर्षभर ये-जा करतो. सूर्यास्त पाहून मन निवते असे पुष्कळ लोक म्हणतात, मीही म्हणतो. पण मला ते निवणे रंगांपेक्षा या ये-जा करण्यातून अधिक मिळते, आणि त्यासाठी एकाच जागेवरून, निरनिराळ्या ऋतूंत, पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

माझी जागा भाट्याची पुळण. काजळी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या दक्षिणेला ही पुळण सुरू होते आणि सुरूच्या बनाच्या कडेकडेने झरी विनायकाच्या देवळाकडे जाते. उजव्या हाताला, मांडवीच्या पलीकडे, रत्नदुर्गाचे भूशिर समुद्रात शिरलेले दिसते आणि त्यावर दीपस्तंभ उभा असतो. डाव्या हाताला टेकडी समुद्रापर्यंत उतरते. मध्ये उघडे पाणी. ऑक्टोबरात पाऊस सरलेला असतो, हवा धुऊन निघालेली असते आणि विषुवदिन नुकताच होऊन गेल्यामुळे सूर्य दक्षिणेकडे निघालेला असतो. या दिवसांत त्याची चाल सर्वांत वेगवान असते. आजच्या आणि उद्याच्या जागेत त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या सुमारे पाऊणपट अंतर पडते, म्हणजे आठवड्याने परत आलेल्या माणसालाही फरक सहज दिसावा. नोव्हेंबरात ही चाल मंदावते आणि डिसेंबरच्या मध्यावर तर तो थबकतोच. दिवसामागून दिवस जवळजवळ त्याच ठिकाणी बुडतो आणि मग, कुणाला कळू न देता, परत फिरतो.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपल्याकडे म्हणतात. संध्याकाळ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लांबू लागलेली असते. आपल्या अक्षांशावर सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, सहाच्या सुमारास, आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस उजाडेपर्यंत तो पाच-सात मिनिटांनी पुढे गेलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे घड्याळाचे बारा आणि सूर्याची माध्यान्ह यांचा मेळ वर्षभर सारखा राहत नाही. त्या दिवसांत माध्यान्हच उशिरा उशिरा होत जाते आणि सूर्यास्ताला आपल्याबरोबर ओढते. पुळणीवर नेमाने येणाऱ्या माणसाला हे पंचांग न उघडता जाणवते. थंडी अजून चढत असते आणि तरी परतताना वाटेवर थोडा अधिक उजेड असतो.

मार्चमध्ये तो पुन्हा पश्चिमेचा बिंदू ओलांडून दीपस्तंभाच्या बाजूला कलतो. एप्रिल-मेमध्ये हवेत धुरकट पट्टा साचतो आणि कित्येकदा पाण्याला टेकण्याआधीच सूर्य त्या धूसरात विरून जातो. मग येतो जून. सूर्य उत्तरेच्या टोकाला पोहोचून माघारी वळतो तो प्रसंग कोकणात कुणाला क्वचितच पाहायला मिळतो, कारण नेमक्या त्याच दिवसांत मोसमी ढगांनी सारे आकाश व्यापलेले असते. जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास, म्हणजे वर्षातल्या सर्वांत उशिरा, होणारे सूर्यास्त आमच्या वाट्याला करडा उजेड हळूहळू गडद होत जाण्याच्या रूपानेच येतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ढग फाटू लागतात, एखाद्या संध्याकाळी त्या फटीतून सूर्य दिसतो, आणि तेव्हा तो उत्तरेच्या टोकापासून बराच परत आलेला असतो. त्याचे वळणे आपण पाहिलेले नसते. ते झाले आहे हे फक्त समजते. या न पाहिलेल्या वळणावर माझा जितका विश्वास आहे तितका दुसऱ्या फार थोड्या गोष्टींवर आहे, आणि वाईट दिवसांत या विश्वासाने मला खरोखरच धरून ठेवले आहे.

नोकरीची वर्षे मुंबईत गेली. तेव्हा सूर्यास्त म्हणजे चर्चगेटहून निघालेल्या गाडीने मरीन लाइन्स सोडल्यावर चर्नी रोडपर्यंत डावीकडे दिसणारे पाणी, तेही थंडीच्या दिवसांत वेळ जुळली तर आणि दाराशी उभे राहायला मिळाले तर. तेवढ्याशा वेळात गाडीतली बोलणी क्षणभर थांबत आणि काही माणसे मान वळवून बाहेर पाहत. त्या पाहण्याला मी कमी लेखत नाही. पण ते एकेकटे, तुटक पाहणे होते. कालच्या सूर्याशी आजच्या सूर्याचा संबंध जोडायला त्यात उसंत नव्हती.

संध्याकाळच्या शांततेला एक साधे भौतिक कारणही आहे, आणि ते किनाऱ्यावर अंगाला कळते. दिवसभर जमीन समुद्रापेक्षा लवकर आणि अधिक तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येत राहतो. दुपारी तीन-चारला भाट्यावर वाळू पायांवर टोचते ती याच वाऱ्याने. सूर्य कलला की जमीन निवू लागते आणि वाऱ्याचा जोर उतरतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा थंड झाल्यावर उलट दिशेने मतलई वारा सुटायचा असतो. त्या दोन वाऱ्यांच्या मध्ये एक पडता काळ असतो. सुरूच्या बनातला दिवसभराचा घोष उतरतो, लाटांचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागतो, माणसे आपोआप हळू बोलतात. आपण म्हणतो की मन शांत झाले. त्याआधी हवा शांत झालेली असते. मनाला बाहेरून असा आधार मिळतो हे मला फार मोलाचे वाटते. शांत होण्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही, ज्या वेळी भोवतालचे सारे मंदावते त्या वेळी तेथे असावे लागते, इतकेच.

माझ्या आजीने सूर्यास्त पाहण्यासाठी म्हणून कधी पाहिला असेल असे मला वाटत नाही. तिन्हीसांजा म्हणजे तिच्या कामाची घाई. कंदिलाच्या काचा दुपारीच पुसून ठेवलेल्या असत, गुरे गोठ्यात आलेली असत, देवापाशी समई आणि तुळशीपाशी पणती लागली की आम्हा मुलांना पाय धुऊन आत यायची हाक येई, आणि मग शुभंकरोती, परवचा, पाढे. त्या वेळी घराबाहेर रेंगाळायचे नाही, झोपायचे नाही, केर काढायचा नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर असून त्या घटकेला तिकडे कुणी जात नसे. पण आजीला सूर्याची जागा माझ्यापेक्षा अधिक नेमकी ठाऊक होती. आमच्या घराचे तोंड पश्चिमेला. समोर एक जुना फणस होता आणि त्याच्या डाव्या अंगाला गोठा. या दोहोंच्या मधल्या फटीतून मावळतीचे ऊन वर्षातून ठरावीक दिवसच ओटी आणि पडवी ओलांडून माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येई. दिवाळी झाल्यावर काही दिवस, आणि पुन्हा थंडी सरत आली की काही दिवस. त्या दिवसांत ती तांदळाचे सूप घेऊन बरोबर त्या उन्हात बसे, कारण तिरप्या उजेडात प्रत्येक खड्याला सावली पडते आणि तो चटकन दिसतो. ऊन सरकले की तीही सरके. काम उरकले की उठून दिवा लावायला जाई. तिच्या त्या बसण्यात जी स्वस्थता होती ती मी पुढे पुळणीवर शोधत राहिलो असे मला अलीकडे वाटते. आकाशाकडे डोळे लावून बसण्याला तिच्या दिवसात जागा नव्हती. आकाशच ठरल्या दिवशी तिच्या सुपापर्यंत येत असे.

प्रत्यक्ष सूर्य बुडण्याचा प्रसंग तसा थोडक्यात आटोपतो. त्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत आपल्याकडे दोन-सव्वादोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत जे दिसते ते मात्र विलक्षण आहे. क्षितिजालगत प्रकाशकिरण वातावरणातून येताना वाकतात आणि सूर्याला त्याच्या खऱ्या जागेपेक्षा अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वर उचलून दाखवतात. सूर्यबिंबाची रुंदीही अर्ध्या अंशाच्याच घरातली आहे. म्हणजे बिंब पाण्याला नुकते टेकलेले दिसते, तेव्हा सरळ रेषेचा हिशेब केला तर ते सगळेच्या सगळे क्षितिजाखाली गेलेले असते. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते म्हणून बिंब चपटे होते, आणि हवेचे थंड-उष्ण थर एकावर एक असले तर त्याच्या कडा खाचा पडल्यासारख्या दिसतात. मावळून गेलेल्या गोष्टीचा उजेड आपल्यापर्यंत पोहोचत राहतो, हे जाणून ती दोन मिनिटे पाहिली की ती निराळीच वाटतात.

भाची लहान असताना तिला मी याच किनाऱ्यावर एक खेळ शिकवला होता. सूर्याची शेवटची कोर उरली, डोळ्यांना तो सोसू लागला, की वाळूवर पालथे पडून पाहायचे आणि कोर दिसेनाशी झाल्याबरोबर ताडकन उभे राहायचे. डोळे दीड मीटरभर वर गेले की क्षितिज आणखी दूर सरकते आणि सूर्य जवळपास दहा सेकंद पुन्हा दिसतो. “मामा, परत आला!” असे ती ओरडली होती. मग तिला सांगितले की तो परत आलेला नाही, आपण वर आलो; आणि आपण उभे आहोत ती जमीनच ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आहे, म्हणून तो बुडताना दिसतो. ती बराच वेळ पायांखाली पाहत राहिली. या वयातही ही गोष्ट मनात आणली की मला सूर्य खाली जाण्याऐवजी आपण सारे, ही पुळण, सुरूचे बन, खाडीवरचा पूल, मिरकरवाड्याला लागलेल्या होड्या, मागे कलत आहोत असे वाटते, आणि त्या कलण्याला भार नाही, आवाज नाही.

बहुतेक माणसे कोर नाहीशी झाली की उठतात, कपड्यांवरची वाळू झटकतात आणि गाड्यांकडे वळतात. मला याचे दरवेळी वाईट वाटते. सायंसंध्येविषयी जुना संकेत असा की सूर्य दिसत असताना केलेली उत्तम, तो लोपल्यावर केलेली मध्यम आणि तारका उगवल्यावर केलेली कनिष्ठ. अर्घ्य देणाऱ्यांसाठी हा क्रम योग्यच असेल. नुसते पाहणाऱ्यासाठी मी मधल्या घटकेला पहिला मान देईन. सूर्य गेल्यावर आधी खालचे ढग विझतात आणि राखाडी होतात. त्यांच्या कितीतरी वर, आठ-दहा किलोमीटरांवर असलेल्या पिसांसारख्या ढगांना सूर्य अजून दिसत असतो, त्यामुळे खाली सगळे मिटले आहे असे वाटत असतानाच ते पेटतात, आधी पिवळे, मग केशरी, मग गुलाबी. उजेड हवेचा लांबचा पल्ला कापून येतो, त्यात निळा रंग वाटेत विखरून जातो आणि तांबडा उरतो, हे आपण शिकलेले असते. डोक्यावरचे आकाश त्याच वेळी गडद निळे का राहते याचे उत्तर निराळे आहे. तेथे ओझोनचा थर तिरप्या प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो, आणि संध्याकाळची ती खोल निळाई बरीचशी त्यामुळे येते. आपल्याकडे हा संधिप्रकाश फार टिकत नाही. बावीस-तेवीस मिनिटांत सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जातो आणि अक्षरे वाचणे कठीण होते. सव्वा तासात पुरती रात्र होते. उत्तरेकडच्या देशांत राहणारे आपले लोक उन्हाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळींचे वर्णन करतात ते ऐकायला छान वाटते, पण मला आमचा हा आखूड संधिप्रकाशच प्रिय आहे. त्यात एकही क्षण दुसऱ्यासारखा नसतो, आणि उठावे असे वाटण्याआधी तो संपलेला असतो.

सूर्यास्ताच्या वेळी पूर्वेकडे पाहावे, हे मला थिबा पॉइंटवर उमगले. भाट्याच्या पुळणीवर मागे सुरूचे बन आड येते. खाडीच्या अलीकडच्या या उंचवट्यावरून दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. हवा स्वच्छ असेल तर सूर्य बुडाल्यावर काही मिनिटांत पूर्वेच्या डोंगरांवर करड्या निळ्या रंगाचा एक पट्टा वर येऊ लागतो आणि त्याच्या वरच्या कडेला फिकट गुलाबी छटा असते. तो पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली, वातावरणावर पडलेली. रात्र येते म्हणजे ही सावली आपल्यावरून पुढे जाते, आणि ती येताना उघड्या डोळ्यांनी दिसते. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० मध्ये याच उंचवट्यावर त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. या जागी उभे राहिले की त्याची आठवण येते. मंडालेत सूर्य रत्नागिरीच्या सुमारे दीड तास आधी मावळतो. त्याच्यासमोर काजळीच्या मुखाशी सूर्य बुडत असेल तेव्हा त्याच्या मुलुखात केव्हाच रात्र झालेली असेल, आणि पूर्वेकडून चढणारी ती सावली तिकडूनच आलेली असेल. त्याला काय वाटत होते हे आपण सांगू शकत नाही. पण सूर्यास्त सर्वांना सारखाच सुखाचा असतो असे मी त्या जागी उभा राहून म्हणू शकत नाही, आणि तरी तो त्याच्याही डोळ्यांना सुंदर दिसला असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आजीच्या उंबऱ्यावरच्या उन्हाचा अर्थ मला पुरता कळला तो कोल्हापुरात. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोन वेळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुडमंडप ओलांडतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे करत गाभाऱ्यात पोहोचतात आणि देवीच्या मूर्तीला स्पर्श करतात. परंपरेने पहिल्या दिवशी चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखाला. हाच किरणोत्सव. या दोन तारखा एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत हे पुळणीवर बसणाऱ्याला लगेच उमजते. १० नोव्हेंबर हा डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसाच्या ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, परतताना तो पुन्हा त्याच जागी मावळतो. ज्यांनी हे मंदिर उभे केले त्यांनी क्षितिजावरचा तो एक बिंदू दगडात पक्का केला आणि तिथून गाभाऱ्यापर्यंतची सारी वाट मोकळी ठेवली. सूर्यास्त इतक्या लोकांनी एकत्र, श्वास रोखून, आणि सूर्याकडे पाठ करून पाहिलेला मी दुसरीकडे कुठे अनुभवलेला नाही. सारी गर्दी पूर्वेकडे तोंड करून उभी असते, गाभाऱ्यातले दिवे मंद केलेले असतात, आणि फरशीवरून तांबूस उजेड इंचाइंचाने पुढे सरकत असतो.

ही वाट आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. पश्चिमेकडे शहर वाढले आहे, किरणांच्या मार्गात बांधकामांचे अडथळे आले आहेत, त्यांची मोजमापे झाली आहेत आणि ते दूर करण्याबद्दल वर्षानुवर्षे बोलले जात आहे. ते दूर व्हावेत असे मला कळकळीने वाटते. एखाद्या शहराने आपल्या मावळतीसाठी आकाशाची एक पट्टी राखून ठेवणे यात भाविकपणाइतकेच शहाणपणही आहे. बाकीचे हवेच्या हाती असते. क्षितिजावर धुके किंवा धूळ असली तर किरणे गाभाऱ्याशी येईपर्यंत फिकट होतात. मी गेलो होतो त्या नोव्हेंबरात तिसऱ्या दिवशी तसेच झाले. उजेड चांदीच्या उंबऱ्यापर्यंत चांगला आला, पुढे गेला, देवीच्या चरणांशी पोहोचता पोहोचता फिका पडला आणि मिनिटभरात दिसेनासा झाला. घंटा वाजल्या, आरती झाली, गर्दी हलू लागली. माझ्या शेजारी एक वयस्क बाई नातवाचा हात धरून उभ्या होत्या. मुलगा हिरमुसला होता. वर का नाही आला, असे विचारत होता. त्या त्याला गर्दीतून वाट काढून देत म्हणाल्या, “आता पुढं जाऊन तो परत फिरतोय बाळा, फेब्रुवारीत यायचाय. तवा बघूया की.”